गोळी सोडणे म्हणजे त्याग नव्हे



भाद्रपद जवळ आला की तुमचे फोन सुरू होतात. एकाशनाला काय करू, हिरवी भाजी बंद असताना डब्यात काय देऊ, उपवासाच्या पारण्याला पोटाला काय सोसेल. दरवर्षी मी दशलक्षणाच्या आधी असाच एखादा स्वयंपाकाचा लेख लिहिते. या वर्षी पाककृती पुढच्या लेखात देईन. आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगायची आहे. जिच्याबाबतीत ती घडली त्या माझ्या भाचीनेच मला म्हटले, "मावशी, लिही तू. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील." तिचे नाव मात्र लिहीत नाही.

भाची आता अडतीस वर्षांची आहे. दोन मुले, नोकरी, घरात सासू-सासरे. तीन वर्षांपूर्वी तिचे वजन ११८ किलो होते. साखर वाढलेली, गुडघे बोलायला लागलेले, रात्री झोपेत श्वास अडकायचा. डाएट, चालणे, काढे, सगळे करून झाले होते. शेवटी पुण्यात तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तिची शस्त्रक्रिया बायपास प्रकारची. जठराचा वरचा लिंबाएवढा भाग वेगळा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. वजन उतरले, साखर आटोक्यात आली, गुडघे शांत झाले. आम्ही सगळे खूश होतो.

घरी सोडताना तिला गोळ्यांची पिशवी दिली होती. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, बी १२ आणि लोह. लोहाची कॅप्सूल होती. डॉक्टरांनी बजावले होते की ही औषधे आता कायमची.

त्यानंतरच्या वर्षी दशलक्षणासाठी ती आमच्याकडे सांगलीला आली. सकाळी मंदिरातून आल्यावर तिने पर्समधून पट्टी काढली. मला चष्मा लावून सगळे वाचायची खोड आहे. बी.कॉम. झाल्यापासून बारीक अक्षरातले वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही. पट्टीवर लिहिले होते, हार्ड जिलेटिन कॅप्सूल. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडे, हे आपल्याला ठाऊकच आहे. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटले, "अगं, हे पोटात घेऊन तू अभिषेकाला उभी राहतेस?"

ती म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हणालेत, ही चुकवायची नाही."

"दहा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? पर्व होऊ दे, मग बघू."

पट्टी माझ्या कपाटाच्या खणात गेली. मग बघू म्हणालेले कोणीच बघितले नाही. कॅप्सूल बंद झाली तसा तिचा बद्धकोष्ठाचा त्रास थांबला, पोट हलके वाटू लागले. तिलाही वाटले की बरे झाले सुटली. घरी गेल्यावर ती परत सुरू झाली नाही. पुढे कॅल्शियमही कधी घेतले, कधी नाही. फेरतपासणीची तारीख मुलांच्या परीक्षेत गेली.

पुढचे सात महिने तिची लक्षणे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. केस गळत होते, आम्ही म्हटले वजन उतरताना गळतातच. जिना चढताना धाप लागत होती, आम्ही म्हटले खाणे कमी आहे ना. ती फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावून खायची, मुले हसायची. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असे काहीबाही खावेसे वाटणे हे लोह कमी झाल्याचे जुने ओळखीचे लक्षण आहे, हे मला नंतर कळले. पाळीत अंगावरून जास्त जात होते, ते तर तिने कुणाला सांगितलेच नाही.

महावीर जयंतीला पालखी निघाली आणि मंदिराच्या पायरीवर ती मटकन खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात नेले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ होते. स्त्रीचे किमान १२ असावे लागते. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो ४ निघाला. १५ च्या खाली गेला तरी साठा संपला असे धरतात. तिला शिरेतून लोह द्यावे लागले, एका आठवड्याच्या अंतराने दोनदा. डॉक्टरांनी विचारले, "लोह कधी बंद केले? कुणी सांगितले?" मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच केले."

मैत्रिणींनो, ते दोन शब्द मला अजून टोचतात. म्हणून हा लेख.

लोहाचा हिशेब

मला शरीरशास्त्र कळत नाही, पण जमाखर्च कळतो. त्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले आणि मी ते वहीत माझ्या भाषेत उतरवून घेतले. हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड. फेरिटिन म्हणजे बँकेतली ठेव. घरात पैसे कमी पडायला लागले की बाई आधी ठेव मोडते, रोकड तशीच दिसते, आणि शेजाऱ्यांना वाटते सगळे छान चालले आहे. ठेव संपली की मग रोकड घसरते. म्हणून नुसते हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ते घसरते तोवर ठेव कधीच मोडलेली असते.

आता जमेची बाजू. अन्नातले लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते. बायपासमध्ये अन्न नेमके त्याच भागाला वळसा घालून पुढे जाते. दुकान तेच, पण गिऱ्हाइकाचा रस्ता बदलला. दुसरी शस्त्रक्रिया स्लीव्ह. तिच्यात जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग काढून नळीसारखा उरवतात. आतड्याचा रस्ता बदलत नाही, पण जठरातले आम्ल कमी होते, आणि शाकाहारातले लोह शोषण्याजोगे व्हायला आम्ल लागते. त्यातून शस्त्रक्रियेनंतर काही महिने आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या जातात, त्यांनी आम्ल आणखी घटते. शिवाय एकूण खाणेच कमी. म्हणजे जमा तिन्ही बाजूंनी आटली.

खर्चाच्या बाजूला पाळी आहेच. ती दर महिन्याला ठरल्या दिवशी वसुली करते.

हा हिशेब एकदा मांडला की गोळी कायमची का, हे वेगळे समजवावे लागत नाही. "गोळ्यांची सवय लागते" असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. पण रस्ता कायमचा बदलला आहे, तर त्याची भरपाईही कायमची. ज्याला चष्मा लागला त्याला आपण चष्म्याचे व्यसन लागले असे म्हणतो का?

शस्त्रक्रियेच्या आधीची शिल्लक

दुसरी गोष्ट माझ्या कधी डोक्यातही आली नव्हती. अंगाने भरलेली बाई म्हणजे खाऊनपिऊन सुखी, तिला कसली आली कमतरता, असे आपण धरून चालतो. तसे नसते. चरबी फार वाढली की शरीरात सतत एक मंद दाह चालू राहतो आणि त्या दाहामुळे आतडे लोह आत घेईनासे होते. गंमत अशी की त्याच दाहामुळे तपासणीत फेरिटिनचा आकडा खोटाच वर दिसू शकतो. म्हणून डॉक्टर फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन नावाची तपासणीही करायला सांगतात.

आपल्या देशात तर बायकांची सुरुवातच उण्यातून होते. २०१९ ते २१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षांच्या १०० पैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मग ज्या बाईची सुरुवातीचीच शिल्लक उणे आहे, तिचा जमेचा रस्ता शस्त्रक्रियेने आणखी अरुंद केला तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून माझे पहिले मत असे. घरातल्या कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली की खर्चाचा अंदाज विचारतो तसा लोहाचा आकडाही विचारा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी १२, फोलिक अॅसिड. कमी असेल तर आधी भरून घ्या. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ थोडा असेल तर शिरेतून देण्याची सोय आहे. शस्त्रक्रिया आणीबाणीची नसते. चार-सहा आठवडे पुढे गेली तर मुहूर्त चुकत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी दोन आठवडे पातळ आहार देतात, तेव्हा लोहाचे काय करायचे आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हेही लिहूनच घ्या. आणि घरात कुणाला थॅलेसेमिया मायनर असेल तर ते डॉक्टरांना सांगा. त्यात हिमोग्लोबिन कमी दिसते, पण कारण लोहाची कमतरताच असेल असे नाही, आणि गरज नसताना लोह घेणेही चांगले नाही.

आपल्या स्वयंपाकघरातून भागेल का?

भाचीचे कळल्यावर नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. बीट दे, गाजराचा रस दे, पालक दे, खजूर दे, लोखंडी कढईत भाजी कर. सांगणारे प्रेमाने सांगतात. पण आपल्याकडे बीट-गाजर कंदमुळात गेले. चातुर्मासात पालेभाजी बंद. काही घरांत मोड आलेली कडधान्येही चालत नाहीत. उरली कोरडी कडधान्ये, डाळी, नाचणी, बाजरी, तीळ, अळीव, खजूर, मनुका. हे सगळे चांगलेच आहे आणि ते खायलाच हवे. मी लोखंडी कढई आणि तवा वापरते, तुम्हीही वापरा.

पण हिशेब करा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात ते साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम असते, आणि धान्य-कडधान्यातल्या लोहाचा थोडाच भाग अंगी लागतो. जिचे पोट एका वेळी वाटीभर वरणभाताने भरते, तिने हे कुठून आणि कसे खायचे? निरोगी बाईलाच जड जाते, मग हिला तर अशक्यच.

आपल्या व्रतांमुळे आपला आहार आधीच निवडक आहे. त्यात मला कमीपणा वाटत नाही, अभिमान वाटतो. पण ज्याचा आहार निवडक त्याला गोळीची गरज इतरांपेक्षा जास्त, कमी नाही. "आपण सात्त्विक खातो, आपल्याला गोळ्या कशाला" हे वाक्य उलटे आहे. मी ते पुष्कळ वेळा बोलले आहे, म्हणून अधिकाराने सांगते.

जिलेटिनचे काय?

हा प्रश्न खरा आहे. तो मनात येणाऱ्या बाईला कुणी खुळी म्हणू नये. अहिंसा हे आपल्या घरात रोज पाळायचे व्रत आहे, ते पोथीत ठेवायचे नाही. माझी चूक प्रश्न विचारण्यात झाली नाही. मी उत्तर शोधले नाही, ही माझी चूक.

उत्तर सोपे होते. मूळ लोह हे खनिज आहे. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अॅस्कॉर्बेट हे लोहाचे क्षार आहेत. प्रश्न असतो तो बहुधा वरच्या टोपणाचा. तेच लोह साध्या गोळीत मिळते, चघळण्याच्या गोळीत मिळते, पातळ औषधात मिळते, आणि वनस्पतिजन्य टोपण असलेल्या कॅप्सूलमध्येही मिळते. त्यावर एचपीएमसी किंवा सेल्युलोज असे लिहिलेले असते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर हिरवा ठिपका बघता येतो. औषधाच्या पट्टीवर तो बहुधा नसतोच, म्हणून घटक वाचायचे आणि औषध दुकानदाराला विचारायचे. पूर्वी काही रक्तवाढीच्या टॉनिकमध्ये प्राण्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन घालत. आता आपल्या देशात त्या मिश्रणांवर बंदी आहे. म्हणजे आपल्या आजी-आत्यांची शंका निराधार नव्हती. पण त्या शंकेवर आज आपल्याला थांबून राहायचे कारण नाही.

फक्त बदल स्वतःच्या मनाने करू नका. टोपण नको म्हणून आतड्यात खाली जाऊन हळूहळू विरघळणारी गोळी आणली तर ती बायपासवालीच्या कामाची नाही, कारण शोषणाची जागा तोवर मागे पडते. पातळ औषधात साखर असू शकते. म्हणून एक फोन करायचा, "डॉक्टर, आम्ही जैन आहोत, जिलेटिन चालत नाही, बदलून द्या." आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत बदलून दिले. दोन मिनिटांचे काम मी सात महिने केले नाही.

उपवास, एकाशन आणि सूर्यास्त

आता सर्वांत नाजूक विषय. दशलक्षणातला सातवा धर्म उत्तम तप आणि आठवा उत्तम त्याग. आपण लहानपणापासून ऐकतो. पण सोळाकारण भावनांची नावे आठवा. तिथे शब्द आहेत शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप. आपल्या शक्तीप्रमाणे त्याग, आपल्या शक्तीप्रमाणे तप. पूर्वसूरींनी तो शब्द उगाच घातलेला नाही. जिच्या जठरात अर्धी वाटी मावते, जिने दिवसभर घोट घोट पाणी प्यायलाच हवे, तिची शक्ती वेगळी आहे. तिला निर्जळी उपवास किंवा एका बैठकीत दिवसाचे जेवण शक्य नाही. एकाशनात तिच्या पोटात बसणार ते एका लहान मुलाचे जेवण.

दुसरे असे. आपल्याकडे चार दाने सांगितली आहेत, त्यात औषधदान आहे. मुनी-आर्यिकांना आहार देताना त्यांच्या प्रकृतीला सोसेल ते द्यावे याची काळजी आपण किती घेतो! औषध देणे हे जर पुण्य, तर गरजेचे औषध घेणे हे पाप कसे होईल? मी त्याग म्हणून भाचीकडून गोळी सोडवली. पण त्यागात आपण जे सोडतो ते रागाचे, मोहाचे असते. गोळीत तिचा काय मोह होता? उलट मोह माझा होता. दहा दिवस आपल्या घरातले सगळे कसे कडक पाळतात हे चारचौघींना दिसावे, हा मान मला हवा होता. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

रात्रीभोजनत्यागाला मात्र कुठेच बाध येत नाही. भाचीचे आताचे वेळापत्रक सांगते. सकाळी दर्शन करून आली की साडेसातला लोहाची गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्याच्या घोटांबरोबर. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. नंतर एक तास चहा नाही, दूध नाही. साडेआठला न्याहारी. कॅल्शियम दुपारी जेवणानंतर आणि पुन्हा संध्याकाळी पाचला. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नाही, किमान दोन तास अंतर हवे, नाहीतर दोघे एकाच दारातून शिरायला भांडतात. हिवाळ्यात सूर्य सहाला मावळतो, तोवर तिच्या सगळ्या गोळ्या आणि जेवण आटोपलेले असते. एकही गोळी रात्रीची नाही. विचारले असते तर हे तेव्हाही बसले असते.

ज्यांना काही व्रत घ्यायचेच आहे त्यांनी रसत्याग घ्यावा, मौन घ्यावे, स्वाध्यायाचा नियम घ्यावा, मोबाइलचा त्याग करून बघावा. शंका असेल तर महाराजांना किंवा माताजींना आपली शस्त्रक्रिया स्पष्ट सांगून विचारावे. आपण अर्धेच सांगतो आणि मग उत्तरही अर्धेच घेऊन येतो.

दोन आक्षेप

माझ्या एका मैत्रिणीने हे वाचायच्या आधीच म्हटले, "मुळात शस्त्रक्रियाच कशाला? जिभेवर संयम ठेवला असता तर ही वेळ आली नसती." मी पूर्वी असेच बोलले असते. भाचीइतका संयम मी माझ्या घरात कुणात पाहिला नाही. वर्षानुवर्षे मोजून खाल्लेली मुलगी आहे ती. वजनाला आनुवंशिकता असते, बाळंतपणे असतात, थायरॉइड असते, झोप असते. शिवाय शस्त्रक्रिया करावी की नाही हा वाद झालेल्या शस्त्रक्रियेनंतर कामाचा नाही. घर बांधून झाल्यावर जागेबद्दल भांडण्यापेक्षा छप्पर गळणार नाही हे बघावे.

दुसरा आक्षेप गोळीच्या त्रासाचा. मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौचास होणे. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची होत असेल आणि चक्कर येत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बायपासच्या जोडाशी कधी कधी जखम होऊन रक्त जाते. बाकी त्रासावर उपाय असतात. क्षार बदलतात, मात्रा बदलतात, काहींना एक दिवसाआड देतात, नाहीच जमले तर शिरेतून देतात. त्रास होतो म्हणून गुपचूप बंद करणे हा एकच उपाय चुकीचा, आणि आपण बायका नेमका तोच करतो.

मात्रेबद्दलही एक सांगते. पट्टीवर क्षाराचे वजन ढोबळ असते, आपल्याला बघायचे असते निव्वळ लोह. फेरस फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम असेल तर त्यात लोह साधारण १०० मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या या शस्त्रक्रियांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ च्या सुधारित मार्गदर्शनात पाळी चालू असलेल्या आणि बायपास किंवा स्लीव्ह झालेल्या स्त्रियांसाठी रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम निव्वळ लोह सांगितले आहे, सगळ्या गोळ्यांमधले मिळून. तुमचा आकडा तुमच्या तपासण्या बघून डॉक्टर ठरवतील. मैत्रिणीची मात्रा आपल्याला लागू नाही. तपासणीही ठरलेली हवी. पहिल्या तीन महिन्यांत एकदा, मग वर्ष होईपर्यंत दर तीन-सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. मी भाचीची तारीख दिवाळीच्या खरेदीच्या यादीत लिहून टाकली आहे, म्हणजे विसरत नाही. आणि गोळ्या नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवा. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने खाल्ल्या तर जिवावर बेततात.

सासवांना, जावांना, मावश्यांना

शेवटचे आपल्या वयाच्या बायकांना. घरातली सून किंवा लेक अशी शस्त्रक्रिया करून येते तेव्हा तिच्या गोळ्या तिच्या एकटीच्या नसतात. पर्वात आपण तिच्याकडे कशा नजरेने बघतो यावर ती गोळी घेणार की लपवणार हे ठरते. "दहा दिवस नको घेऊस" हे सांगायला आपल्याला क्षणही लागत नाही, आणि "घेतलीस का गं?" हे विचारायला तेवढाच वेळ लागतो. आपल्या शब्दाला घरात वजन आहे, ते जपून वापरावे.

आपल्या श्राविका मंडळाला मी एक सुचवले आहे. दशलक्षणाच्या दहा दिवसांत एका दुपारी प्रवचनानंतर तासभर एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे आणि तिथेच हिमोग्लोबिनची तपासणी ठेवावी. शस्त्रक्रिया झालेल्यांनाच नव्हे, सगळ्यांनाच उपयोग होईल. हा खर्च औषधदानाच्या खात्यात टाकायला अध्यक्षबाईंची हरकत नाही.

भाचीचे हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात ११.८ होते, फेरिटिन ३८. अजून थोडे चढायचे आहे. या भाद्रपदात ती पुन्हा आमच्याकडे येते आहे. तिच्या लिंबूपाण्याचा पेला मी आताच वेगळा काढून ठेवला आहे. गेल्या क्षमावाणीला मी तिच्यापुढे हात जोडले तेव्हा ती रागावली, "मावशी, मोठ्यांनी असे करायचे नसते." मी म्हटले, क्षमेला वय नसते, आणि चूक माझीच होती. मग ती म्हणाली, "बरं, केली क्षमा. आता तुझं हिमोग्लोबिन कधी तपासतेस ते सांग."

तपासले. १०.९ निघाले. परवापासून मीही सकाळी साडेसातची गोळी घेते आहे, टोपण नसलेली.

तुमच्या घरी कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर या पर्वाच्या आधी तिला एक फोन करा. काय खातेस हे नंतर विचारा, गोळी चालू आहे ना हे आधी विचारा.

जय जिनेंद्र.